लोखंडाचा सांधा : वऱ्हाडातील लोहसंधानाचे तंत्र आणि त्याची परिभाषा

१. विषयप्रवेश

वऱ्हाडचा आर्थिक इतिहास बहुधा कापसाच्या अनुरोधाने लिहिला गेला आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. १८५३ च्या तहाने हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने येथील कापसाला जागतिक बाजारपेठ मिळवून दिली, आणि १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचल्यावर अमरावती, अकोला व खामगाव ही नावे लँकेशायरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी झाली. तथापि ज्या वखराने ही काळी जमीन तयार होत असे आणि ज्या बंडीने कापूस बाजारात जात असे, त्या वखराची पास व त्या बंडीची धाव तुटली असता ती कोण आणि कशी सांधून देत असे, हा प्रश्न इतिहासकारांनी क्वचितच विचारला आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन बाजूंनी करावयाचा आहे. लोखंडाला लोखंड जोडण्याच्या ज्या रीती या प्रदेशात एकामागून एक आल्या त्यांचा क्रम लावणे, ही पहिली बाजू. प्रत्येक रीतीने आपल्यामागे जे शब्द ठेवले त्यांची छाननी करणे, ही दुसरी. लेखकाचे मूळ क्षेत्र भाषाविज्ञानाचे असल्यामुळे दुसऱ्या बाजूकडे कल अधिक राहील, हे आरंभीच मान्य केलेले बरे. परंतु शब्दांचा हा विचार केवळ शब्दांसाठी नाही. भाता व ऐरण यांपासून विजेच्या यंत्रापर्यंत सांधा टिकण्याचा मूळ नियम एकच राहिला आहे. शब्द मात्र प्रत्येक टप्प्यावर बदलले, आणि शब्द तुटल्यामुळे नियमही पुष्कळदा हातून सुटला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

या विषयाकडे लक्ष वेधले जाण्यास एक घरगुती निमित्त घडले. अमरावतीतील आमच्या घराच्या लोखंडी फाटकाची बिजागरी निखळली, म्हणून ती जवळच्या एका दुकानातून जोडून घेतली. वरून पाहता काम सुबक होते. दोन महिन्यांच्या आत, पावसाळ्यात, तोच सांधा पुन्हा तुटला आणि फाटकाची अर्धी झडप खाली आली. सुदैवाने त्या वेळी तेथे खेळणारी मुले दूर होती. तुटलेले तोंड उलटून पाहिले तेव्हा आत जुन्या रंगाचा थर, त्याखाली गंज आणि मध्ये काळ्या कीटाची रेघ स्पष्ट दिसली. नवा धातू जुन्या धातूला लागलेलाच नव्हता. तो गंजावर बसला होता. पुढे लोहारकुळातील एका वयस्क कारागिराने तेच काम केले. त्याने अर्धा तास केवळ घासण्यात घालविला आणि जोडण्यास जेमतेम पाच मिनिटे घेतली. गंजलेल्या लोखंडाला टाका धरत नाही, इतकेच तो म्हणाला. हे वाक्य किती जुने आहे याचा शोध म्हणजेच पुढील विवेचन होय.

२. सांधा म्हणजे काय

प्रथम वस्तुस्थिती समजून घेणे अवश्य आहे. लोखंडाचे दोन स्वच्छ पृष्ठभाग परस्परांना खरोखर भिडले, तर ते एक होऊ पाहतात. त्यांच्या आड येतो तो गंज, म्हणजे लोखंड व प्राणवायू यांचा संयोग. थंड लोखंडावर तो तांबूस भुकटीच्या रूपाने असतो, तर तापलेल्या लोखंडावर काळ्या खवल्यांच्या रूपाने क्षणाक्षणाला नवा तयार होतो. उष्णतेवाचून सांधा होत नाही, आणि उष्णता वाढवावी तो गंजही वाढतो, अशी ही अडचण आहे. जोडकामाच्या सर्व रीती म्हणजे या एका अडचणीची निरनिराळी उत्तरे होत.

ही उत्तरे तीन प्रकारची आहेत. लोखंड न वितळविता पांढुरके होईतो तापवून ठोकून एकजीव करणे, हा पहिला प्रकार. मूळ धातूपेक्षा कमी उष्णतेवर वितळणारा दुसरा धातू फटीत ओतून जोडणे, हा दुसरा. डाख लावणे व झाळणे या क्रिया त्यात मोडतात. जोडावयाच्या कडाच वितळवून त्यांत नवा धातू मिसळणे, हा तिसरा; आजचे वेल्डिंग ते हेच. तिन्ही प्रकारांत गंज विरघळवून बाहेर काढणारे एखादे द्रव्य लागते. त्याचे नाव बदलते, कार्य बदलत नाही.

३. खाणीवाचूनचा लोहव्यवहार

विदर्भात लोखंडाची विद्या फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नैकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात मातीच्या वक्र विटांनी रचलेली लोखंड गाळण्याची भट्टी व भात्याच्या मातीच्या नळ्या सापडल्या. तिचा काळ इ. स. पू. सातव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. माहूरझरी व टाकळघाट-खापा येथील महापाषाणीय दफनांत लोखंडाच्या कुऱ्हाडी व इतर अवजारे मिळाली आहेत. पुढच्या काळात भारतीय लोहारांनी हे तंत्र कोठवर नेले याची साक्ष दिल्लीचा लोहस्तंभ देतो. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा, सात मीटरांहून उंच व सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ ओतीव नाही. लोखंडाचे गोळे तापवून एकावर एक ठोकून तो घडविलेला आहे.

परंतु अमरावती-अकोल्याच्या सपाट मुलखाची परिस्थिती वेगळी होती. हा भाग काळ्या दगडावर बसलेल्या काळ्या मातीचा. धातुकाने समृद्ध असे डोंगर पूर्वेला चांद्याच्या बाजूस आहेत. 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे जे वर्णन आहे त्यात इंदूर व निर्मळ येथे पोलादाच्या खाणी असल्याचा उल्लेख येतो. ही ठिकाणे आज तेलंगणात असली तरी त्या काळी वऱ्हाड सुभ्यात मोडत. निर्मळजवळच्या कोनासमुद्रम् येथील पोलाद इराणी व्यापारी नेत असत, हे एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी नमूद केले आहे. सारांश, वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे लोखंड बहुतांशी बाहेरून येई व म्हणून ते महाग असे.

या एका गोष्टीतून पुष्कळ काही निष्पन्न होते. जेथे धातू महाग तेथे नवे अवजार घडविण्यापेक्षा जुने वाढविणे, झिजलेल्या टोकाला तुकडा जोडणे व मोडलेले सांधणे यांतच लोहाराचा बराचसा दिवस जाणार. दुरुस्तीला मराठीत डागडुजी म्हणतात, आणि फुटक्या भांड्याला डाग देणे हा प्रयोगही आपण ऐकतो. दोहोंतील जवळीक पाहता दुरुस्तीची आपली कल्पनाच धातूच्या ठिगळावरून उभी राहिली असावी, असे म्हणावयास हरकत नाही.

४. भाता, ऐरण आणि वाळू

गावगाड्यातील लोहार हा बलुतेदार होता. सुगीला मिळणाऱ्या धान्याच्या मोबदल्यात वर्षभर शेतीची अवजारे नीट ठेवणे हे त्याचे कर्तव्य असे. त्याच्या जोडीला घिसाडी मंडळी गावोगाव हिंडत. रस्त्याकडेला भाता मांडून काम करीत. त्यांच्या स्त्रिया घण चालवीत, हे दृश्य वऱ्हाडातील मागच्या पिढ्यांनी पुष्कळ पाहिले आहे. भट्टी, भाता, ऐरण, घण, हातोडा, सांडशी, छिन्नी व सुंभा एवढ्या सामग्रीवर हा व्यवसाय उभा होता.

लोखंड सांधण्याची त्याची रीत अशी होती. दोन्ही तुकड्यांची टोके प्रथम ठोकून जाड व नंतर उतरती करावयाची, म्हणजे ती एकमेकांवर तिरपी बसतात. उतरते तोंड किंचित फुगीर ठेवावयाचे, म्हणजे घाव बसताच मधला मळ दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. पोकळ ठेवल्यास तो आत कोंडला जातो. मग ती भट्टीत घालून, लोखंड लाल, केशरी, पिवळे असे होत होत पांढुरके पिवळे झाले की त्यावर बारीक वाळू टाकावयाची. वाळू व काळे खवले मिळून काचेसारखा पातळ रस होतो आणि तो सुमारे १२०० अंश सेल्सियसला वाहू लागतो. खवले मात्र एकटे असता १३७० अंशांच्या आसपास वितळतात. या दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या अंतरात वाळूचे सारे महत्त्व सामावलेले आहे. लोखंडातून पहिल्या ठिणग्या उडू लागल्या की दोन्ही टोके ऐरणीवर आणून पहिले घाव हलके, मध्यापासून कडेकडे असे घालावयाचे. रस पिचकारीसारखा बाहेर उडतो, त्याबरोबर गंज जातो, आणि स्वच्छ लोखंड स्वच्छ लोखंडाला भिडते. ठिणग्या फार उडू दिल्या तर लोखंड जळते. थोडा उशीर झाला तर टोके थंड होऊन सांधा धरत नाही. हे सारे मोजमाप डोळ्यांनी व्हावयाचे.

या सांध्याची खरी कसोटी बंडीच्या धावेत लागे. चाकाचा घेर फिरवून मापल्यावर लोखंडी पट्टी त्याहून थोडी आखूड तोडली जाई, तिची टोके सांधून कडे केले जाई, आणि ते गोवऱ्यांच्या वर्तुळात तापवून लाकडी चाकावर चढवीत. चार मीटर घेराचे कडे पाचशे अंशांनी तापले म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर वाढते. चाकावर बसताच त्यावर पाणी ओतले की ते आकसते व आरे, तुंबा आणि पुठ्ठे यांना आवळून धरते. आकसण्याचा सर्व ताण त्या एका सांध्यावर पडतो. सांध्यात कीट राहिले असेल, तर धाव तिथल्या तिथे, सर्वांच्या देखत, उघडी पडे. लोहाराची अब्रू त्या एका क्षणावर अवलंबून असे. तपासणीची याहून कठोर पद्धत आजच्या कारखान्यांतही विरळाच आढळेल.

या काळाचे शब्द भाषेत खोलवर रुजले आहेत. प्रश्न ऐरणीवर येतो, माणूस पाणीदार असतो, नाते सांधले जाते व सांधा निखळतो. पाणी देणे, पाजवणे, शेवटणे ही क्रियापदे एकेकाळी प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी होती. पोलाद हा फारसी शब्द स्थिरावण्यापूर्वी व नंतरही तिखे हा देशी शब्द चालत होता. ओतीव लोखंडास बीड आणि घडीव लोखंडास नुसते लोखंड म्हणण्याचा भेदही याच कारागिरांनी राखला. वऱ्हाडी बोलीत ळकाराचा य होतो, म्हणून कोळशाचा कोयसा होतो, आणि झाळणे हे क्रियापदही तेथे त्याच नियमाने चालते.

५. डाख आणि झाळ

सोनार व कासार यांची रीत निराळी होती. त्यांना लोखंडापेक्षा तांबे, पितळ, चांदी व सोने जोडावयाचे असल्याने कमी उष्णतेवर वितळणारा डाख त्यांनी उपयोगात आणला. कल्हईपूर्वी भांडे नवसागराने स्वच्छ करीत. झाळताना टाकणखार वापरीत. टाकणखार वितळला की धातूवरील गंज आपल्यात विरघळवितो व वर काचेचे पांघरूण घालून हवेला दूर ठेवतो. लोहाराची वाळू आणि सोनाराचा टाकणखार यांचे काम एकच आहे, ही गोष्ट दोन्ही कारागीर आपापल्या घरी जाणत होते. परंतु जातिनिष्ठ व्यवसायामुळे हे ज्ञान एका घरातून दुसऱ्या घरात फारसे गेले नाही. ज्ञान होते, पण त्याला सामान्य नाव नव्हते. तंत्राचे शास्त्र न होण्याचे हे एक कारण मानावयास हवे.

६. रेल्वे, जिन आणि नवे लोखंड

लोहमार्गाबरोबर वऱ्हाडात दोन गोष्टी आल्या. विलायती लोखंड स्वस्त झाले, आणि पुढे १८५६ च्या बेसेमर पद्धतीने तयार होणारे मृदू पोलाद जुन्या घडीव लोखंडाची जागा घेऊ लागले. हा बदल वरवर पाहता किरकोळ वाटेल, परंतु लोहाराच्या दृष्टीने तो मोठा होता. जुन्या लोखंडात गाळण्याच्या वेळचे कीट धाग्यांच्या रूपाने अडकून राहिलेले असे, आणि तेच तापल्यावर वितळून सांध्याला साहाय्य करी. नव्या पोलादात ते नव्हते. त्यामुळे तापमानाची मर्यादा अरुंद झाली व पूर्वीच्याच हाताने केलेले सांधे फसू लागले. दोष कारागिराचा ठरला, बदल धातूचा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्रे. अमरावती, अकोला, खामगाव येथे सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने निघाले. त्यांच्या बाष्पयंत्रांचे सांधे ठोकलेले नव्हते. पत्र्याला भोके पाडून तापलेल्या खिळ्यांनी, म्हणजे रिबिटांनी, जोडलेले होते. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूर या बाजूंना जाणारी 'शकुंतला' नावाने प्रसिद्ध असलेली अरुंद रेल्वे या युगाची दीर्घायुषी खूण होय. १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. आता ती गाडीही बंद पडली आहे. या कारखान्यांत लोहाराच्या मुलाला नवे नाव मिळाले. तो फिटर झाला, टर्नर झाला, बॉयलरवाला झाला. रेल्वेने सांधा या शब्दालाही नवा अर्थ दिला. रूळ बदलण्याच्या जागेस सांधा व तो बदलणाऱ्यास सांधेवाला म्हणू लागले. येथे मराठीने परकी वस्तू आपल्या शब्दात सहज सामावून घेतली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण वेल्डिंगच्या बाबतीत तसे घडले नाही.

७. वायू आणि वीज

वितळवून जोडण्याचे तंत्र युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आले. रशियन साम्राज्यातील निकोलाय बेनार्दोस याने १८८० च्या दशकात कर्बाच्या कांडीने विजेचा जाळ निर्माण करून लोखंड जोडले. स्लाव्यानोव्ह याने १८८८ मध्ये कर्बाऐवजी धातूचीच कांडी वापरली. ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये ॲसिटिलीन व प्राणवायू यांच्या ज्वालेचे तापमान ३००० अंशांवर जाते हे दाखविले, आणि १९०३ च्या सुमारास त्यासाठी सोयीची फुंकणी तयार झाली. परंतु या सर्वांत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा शोध स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग याचा आहे. उघड्या कांडीने केलेला सांधा हवेमुळे ठिसूळ व सच्छिद्र होतो हे पाहून त्याने विसाव्या शतकाच्या आरंभी कांडीवर खनिजांचा लेप चढविला. लेप जळून वायूचे आवरण देतो, वितळून गंज विरघळवितो, आणि थंड झाल्यावर सांध्यावर कीटाची साल होऊन बसतो.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, लोहाराची वाळू व सोनाराचा टाकणखार यांचेच काम हा लेप करतो. नैकुंडच्या वारसदाराला ही गोष्ट त्याच्या भाषेत कोणी सांगितली असती, तर त्याला ती नवी वाटली नसती. परंतु कांडी आयती आली. तिचा लेप कशासाठी आहे हे तिच्याबरोबर आले नाही. भारतात वायू व कांड्यांचा पुरवठा करणारे उद्योग १९३० च्या दशकापासून स्वातंत्र्योत्तर काळापर्यंत कलकत्ता व मुंबई येथे उभे राहिले. १९६० च्या दशकात अकोला जिल्ह्यातील पारस येथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले व वीज पसरत गेली, तसतशी वऱ्हाडच्या तालुक्यातालुक्यांत रस्त्याच्या कडेला विजेच्या जोडकामाची दुकाने दिसू लागली. आता तर हातात उचलून नेण्याजोगे यंत्र घरोघरी पोचण्याच्या बेतात आहे.

घरगुती दुरुस्तीत सांधा का फसतो, याचे उत्तर वरील इतिहासातच मिळते. लेप थोडा गंज विरघळवू शकतो. जाड गंज, रंग, तेल व माती विरघळविण्याची त्याची ताकद नाही. म्हणून जोडावयाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत लोखंड चकचकीत होईतो घासले पाहिजे. पट्टी पाच-सहा मिलिमीटरहून जाड असेल तर कडा उतरत्या करून, लोहाराच्या शब्दांत तोंड करून, तळापर्यंत धातू पोचेल अशी फट ठेवावी लागते. प्रथम दोन-चार टाके मारून तुकडे सरळ बसले की नाहीत हे पाहावे. कारण थंड होताना धातू आकसतो व फाटक वाकडे होते. अडीच मिलिमीटरच्या कांडीला साधारणतः ६० ते ९० अँपिअर व सव्वातीन मिलिमीटरच्या जवळपासच्या कांडीला ९० ते १३० अँपिअर प्रवाह लागतो. कमी प्रवाहात धातू वरच बसतो, फाजील प्रवाहात कडेला खाच पडते. एका थरावर दुसरा थर देण्यापूर्वी मधले कीट ठोकून व तारेच्या कुंचल्याने घासून पूर्ण काढावे लागते. आमच्या फाटकाच्या सांध्यातील काळी रेघ ही याच कंटाळ्याची खूण होती. कांड्या ओलसर असतील तर सांध्यात छिद्रे पडतात, आणि वऱ्हाडच्या पावसाळ्यात उघड्या पुड्यातील कांडी कोरडी राहत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्यांचा मुलामा आधी घासून काढावा. जस्त ९०७ अंशांना उकळते व त्याच्या पांढऱ्या धुराने ताप भरतो.

एक उदाहरण विशेष बोलके आहे. वखराची किंवा डवऱ्याची पास पुष्कळदा मोटारीच्या कमानपाट्याच्या पोलादापासून करतात. ती तुटली असता विजेने जोडली, तर सांधा शाबूत राहतो व त्याच्या शेजारी पास पुन्हा मोडते. पोलादात कर्ब अधिक असल्याने सांध्यालगतचा भाग झटकन थंड होऊन काचेसारखा ठिसूळ बनतो. उपाय असा की, आधी पास तापवावी, कोरड्या व योग्य प्रकारच्या कांडीने जोडावी आणि नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निवू द्यावी. राखेत निवविणे ही लोहाराच्या भट्टीतील नित्याची गोष्ट होती. विजेच्या यंत्रापाशी राख नसते, म्हणून तो नियमही तेथे उरला नाही.

८. परिभाषेचा प्रश्न

आता शब्दांकडे वळू. वऱ्हाड १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. नागपूर येथे डॉ. रघुवीर यांचे संस्कृतनिष्ठ परिभाषाकार्य चालले होते, आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचे भाषा संचालनालय स्थापन झाले. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. तेथील व्यवसायांना मराठी नावे मिळाली. फिटर तो जोडारी, टर्नर तो कातारी आणि वेल्डर तो संधाता. मराठी विश्वकोशाने या क्रियेस वितळजोडकाम म्हटले, व तिच्या शेजारच्या दोन क्रियांना डाखकाम व झाळकाम ही नावे दिली.

भाषाशास्त्रदृष्ट्या या शब्दांची प्रतवारी उद्बोधक आहे. कातारी हा पूर्वापार चालत आलेला कारागिराचा शब्द. जोडारी हा नवा असला तरी त्याची घडण देशी आहे. डाखकाम व झाळकाम यांत जुन्या क्रियापदांना शास्त्रीय स्थान मिळाले, ही स्तुत्य गोष्ट होय. वितळजोडकाम पारदर्शक आहे, पण लांब. संधाता हा तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष शब्द. सम् उपसर्गपूर्वक धा धातूला कर्तृवाचक प्रत्यय लागून कर्ता, नेता, धाता यांच्या पंक्तीत तो बसतो. सांधणे व संधी हे त्याचेच आप्त. असे असूनही प्रमाणपत्रावर संधाता असणारा तरुण दुकानाच्या पाटीवर वेल्डर लिहितो, आणि गिऱ्हाईक म्हणते, जरा टाका मारून द्या.

या शेवटच्या शब्दात या विवेचनाचे मर्म आहे. टाका हा शिवणकामाचा शब्द. विजेच्या जोडकामाचा ठिपका पाहून लोकांनी तो आपण होऊन लावला. इंग्रजीतील तशाच ध्वनीच्या शब्दाने त्याला हातभार लावला असेल. लोकभाषेने केलेले हे रूपक समर्पक आहे, परंतु त्यात एक धोकाही दडलेला आहे. कापडाला टाका घालताना कापड जसेच्या तसे राहते. दोरा दोन्ही बाजूंना धरून ठेवतो. लोखंडाच्या सांध्यात तसे होत नाही; तेथे दोन्ही कडा वितळून एक व्हाव्या लागतात. टाका म्हणणाऱ्याची समजूत अशी होते की, वरून धातूचा दोरा पडला म्हणजे काम झाले. गंजावर बसलेला तो सांधा या समजुतीचे फळ होता. उलट सांधा म्हणणाऱ्या लोहाराला हाडाच्या सांध्याची उपमा ठाऊक होती. हाड सांधते ते आतून, आणि मध्ये घाण राहिली तर सांधत नाही.

येथे परिभाषाकारांची एक चूक दिसते. त्यांनी क्रियेला व कर्त्याला नावे दिली. परंतु क्रियेतील दोषांना व शुद्धीच्या उपायांना नावे देण्याकडे पुरेसे लक्ष पुरविले नाही. विद्यार्थी ते दोष इंग्रजी शब्दांनी पाठ करतो व दुकानात गेल्यावर विसरतो. वास्तविक कीट, खवले, गंज, तोंड, खाच, टाकणखार, राखेत निवविणे हे सर्व शब्द लोहाराच्या भट्टीवर तयार होते. सांध्यात कीट अडकले हे वाक्य कोणत्याही वऱ्हाडी मुलाला एकदा ऐकून समजेल. ते त्याला सांगितले जात नाही, कारण ज्याच्या तोंडी ते होते तो लोहार शिक्षक म्हणून त्या संस्थेत कधी आलाच नाही.

९. समारोप

जातीच्या चौकटीतून हा व्यवसाय बाहेर पडला व कोणत्याही घरातील मुलाला खुला झाला, ही निःसंशय इष्ट घटना आहे. बलुत्याच्या धान्यावर जगणाऱ्या लोहाराची व रस्त्यावर भाता मांडणाऱ्या घिसाड्याची स्थिती पुन्हा यावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु व्यवसाय खुला करताना त्यांच्या शब्दांना संस्थेच्या दाराबाहेर ठेवण्याचे कारण नव्हते. त्या शब्दांत पुष्कळ पिढ्यांनी केलेल्या चुकांचा हिशेब साठलेला होता.

यावरून दोन कामे सुचतात. अमरावती व अकोला जिल्ह्यांत भट्टीवर काम केलेले जे वृद्ध कारागीर आज हयात आहेत, त्यांच्या तोंडून अवजारे, रंग, घाव, दोष व उपाय यांचे शब्द उच्चारासह नोंदविणे, हे आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तातडीने हाती घ्यावयाचे पहिले काम. ती नोंद प्रशिक्षण संस्थांच्या शिक्षकांपुढे ठेवून पाठ्यपुस्तकांच्या परिभाषेत तिला जागा मागणे, हे दुसरे. भाषेच्या अभ्यासाचा उपयोग काय, असा प्रश्न आपणांस वारंवार विचारला जातो. शेतकऱ्याची पास सुगीच्या तोंडावर मोडू नये आणि घराचे फाटक मुलांच्या अंगावर पडू नये यासाठी एखादा जुना शब्द पुन्हा चालू करता आला, तर त्या प्रश्नाचे तेवढे उत्तर पुरेसे आहे.